नझीराखालाकडे राहिलेला वाडगा

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे. माझ्यात चार माणसांचे जेवण मावते, म्हणून घरात मला मोठा वाडगा म्हणतात. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. भांड्याला जग फार थोडे दिसते, आणि वर झाकण असले तर तेवढेही दिसत नाही. मात्र मला दोन कान आहेत. ते धरण्यासाठी केलेले असले तरी त्यांना ऐकू येते. जे ऐकले तेच सांगतो. काही चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लेबनॉनमधल्या त्रिपोली शहरात, तांबटांच्या बाजारात झाला. तिथे दिवसभर एवढी ठोकाठोक चाले की तांबट एकमेकांशी हातवारे करून बोलत आणि घरी गेल्यावर बायकामुलांशी उगाचच ओरडून बोलत. शफीक नावाच्या म्हाताऱ्या उस्तादाने मला घडवले. त्याने पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला. शेवटी नवसागर टाकून आतून कथलाची कल्हई केली आणि मला उन्हात धरून म्हणाला, "जा, कुणाचं तरी घर भर." भांड्याला यापेक्षा मोठा आशीर्वाद नसतो. तेव्हा मला तसे वाटले होते.

एका नव्या नवरीबरोबर मी दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आलो. पुढे त्या घरात तिची सून आली. सुनेच्या मोठ्या मुलाचे नाव वसीम, म्हणून जिन्यातले सगळे तिला वसीमची आई म्हणू लागले. आमच्याकडे बाईला अशीच हाक मारतात.

माझे खरे दिवस रमजानचे. रोजा सुटायच्या अर्धा तास आधी आमच्या जिन्यात भांड्यांची वर्दळ सुरू होई. जे शिजले असेल त्यातला एक वाडगा शेजारी पाठवायचा, त्याला सकबा म्हणतात. मी कधी मसुराचे सार घेऊन चौथ्या मजल्यावर जाई, तर कधी भात घेऊन पाचव्या. आणि गेलेले भांडे कधी रिकामे परत येत नसे. ज्याच्या घरी गेले त्याने आपल्या हातचे काहीतरी शिजवून त्यात घालायचे आणि मगच परत पाठवायचे. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण तो मोडणाऱ्या बाईचे नाव जिन्यात वर्षभर चघळले जाते. चौथ्या मजल्यावरच्या इब्तिसामने एकदा घाईत दोन संत्री ठेवून मला परत पाठवले. वसीमची आई अजून तो किस्सा सांगते. "एवढा मोठा वाडगा, आणि आत दोन संत्री गडगडतायत. मला वाटलं खुळखुळाच आणला." सगळा जिना हसला होता. पाचव्या मजल्यावरची नझीराखालाही हसली होती.

नझीराखाला शिंपीण होती. अर्ध्या गावातल्या शाळकरी मुलांच्या गळपट्ट्या तिच्या यंत्राखालून गेलेल्या. नवरा बस चालवायचा, तो लवकर गेला. मूल नव्हते, म्हणून ती कुणाची आई झाली नाही. म्हातारी झाली तरी ती नझीराच राहिली, फार तर नझीराखाला, म्हणजे नझीरामावशी. ती द्राक्षाच्या पानांत भात भरून करंगळीएवढ्या बारीक वळकट्या करी. माझ्यात त्या एकीला एक चिकटून अशा रचे की उलटा केला तरी एक हलणार नाही. "शिंपिणीच्या हातचं आहे, शिवण उसवायची नाही," असे लोक म्हणत. तिच्या घरून परत येताना मला फार बरे वाटे.

पुढे काचेची भांडी आली, प्लास्टिकचे डबे आले आणि मी वरच्या फळीवर गेलो. तिथे मी बरीच वर्षे होतो. बाहेर काय चालले होते, ते मला स्वयंपाकघरातल्या बोलण्यावरून कळे. वीज गेली, ती दिवसातून एखादा तास येऊ लागली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, ती आजतागायत तिथेच आहे. बँकांनी दारे लावली आणि पैशाची किंमत मातीमोल झाली. नझीराखालाने तीस वर्षे सुई चालवून म्हातारपणासाठी जे ठेवले होते, ते बँकेच्या कागदावर जसेच्या तसे होते. फक्त त्यात आता महिन्याची रोटीही येत नव्हती. शिंपिणीला पेन्शन नसते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि यंत्रावर कापड टाकलेले होते. पाच मजले उतरून पुन्हा चढणे होत नसे, त्यामुळे ती दिसेनाशी झाली. जे माणूस दिसत नाही, त्याचे बरे चालले असेल असे लोक धरून चालतात.

आमच्या घरी मात्र वसीम आखाती देशातून पैसे पाठवत होता. म्हणूनच जिन्यात वसीमच्या आईच्या शब्दाला वजन होते. रमजानच्या शेवटी एक संस्था गरजूंना शिध्याच्या पेट्या वाटे. आमच्या इमारतीतून कुणाची नावे द्यायची, ते तीच सांगे.

त्या रमजानच्या तिसऱ्या दिवशी तिने मला खाली काढले.

"सगळ्यांनी आपापलं तांबं विकून खाल्लं," ती सुनेला, लमीसला म्हणाली. "आपल्याकडे अजून आहे, हे कळू दे जिन्याला."

लमीस सासूला काकी म्हणे. ती म्हणाली, "काकी, पाचव्या मजल्यावर प्लास्टिकचा डबा नेते ना. हा फार जड आहे. शिवाय डबा त्यांच्याकडे राहिला तरी काही नाही."

"प्लास्टिकमधून भिकाऱ्याला देतात. शेजाऱ्याला तांब्यातून."

मला हे ऐकून अभिमान वाटला, मित्रांनो. ही गोष्ट मी लपवत नाही.

माझ्यात मोगराबिये भरली. कोंबडी, हरभरे आणि हरभऱ्याएवढ्याच रव्याच्या गोळ्या. लमीस धापा टाकत वर गेली. दार उघडायला बराच वेळ लागला.

"कोण, लमीस? अगं, रोजा असताना एवढा जिना चढून आलीस?"

"काकींनी पाठवलंय, खाला."

नझीराखालाने मला हातात घेतले आणि तिचे हात एकदम खाली गेले. मी पूर्वीएवढाच होतो, तिचे मनगट तेवढे राहिले नव्हते. तिने बोटांनी माझी कड चाचपली. "हा तर मोठा वाडगा. तुझ्या आजेसासूचा. काकींना सांग, तुमचे हात सुखी राहोत. वाडगा मी पाठवते हं."

पाठवते, असे ती म्हणाली. त्या एका शब्दाने मी तिच्या घरी अडकलो.

जे चार जणांचे होते ते तिने तीन दिवस पुरवले. दात उरले नव्हते, म्हणून कोंबडीचे धागे काढून रश्शात बुडवून खाल्ले. तिसऱ्या दिवशी बोटाने माझी कड पुसून बोट चाटले. मग मला घासले, पुसले, टेबलावर ठेवले आणि समोर बसली.

"काय पाहुण्या," ती म्हणाली, "तुला रिकाम्या हाताने घरी कसं पाठवू?"

तिने कपाट उघडले. आत अर्धी पिशवी मसूर, चहा, थोडी साखर, थोडे खजूर, वाळलेल्या रोट्या आणि ऑलिव्हच्या बरणीत चार-पाच फळे होती. त्या मसुरातली एक मूठ घेऊन ती रोज सार करी. तेच तिचे जेवण. तिने कपाट लावले. "उद्या बघू," ती म्हणाली.

असे बरेच उद्या गेले. ती रोज माझ्यावरची धूळ पुसे आणि काहीतरी बोले. "अजून आहेस का? जा बाबा, तुझी मालकीण वाट बघत असेल." किंवा, "तू चार जणांचा नसतास तर किती बरं झालं असतं." इब्तिसामच्या दोन संत्र्यांसारखे थोडेसे काही ठेवून मला पाठवायचे तिच्या मनात एकदाही आले नसेल, असे नाही. पण त्या किस्स्यावर ती स्वतः हसली होती.

रमजानच्या पंधराव्या दिवशी ती कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेली. दार उघडे होते. आमच्या जिन्यात खाली कुणी कुजबुजले तरी वर ऐकू येते. इब्तिसामचा आवाज आला.

"वसीमच्या आई, तुमचा मोठा वाडगा दिसत नाही हल्ली."

"पाचव्या मजल्यावर गेलाय, हवापालटाला."

"अजून? बारा दिवस झाले की."

"म्हातारी विसरली असेल गं."

"विसरली का विकला? तांब्याला आता सोन्याचा भाव आहे. म्हाताऱ्यांचं पोट एवढंसं असतं, हात मात्र लांब."

दोघी हसल्या. मग वसीमची आई म्हणाली, "असं बोलू नये, रोजा आहे." आणि तिने पुढे म्हटले, "माझी सासू असती ना, तर वर जाऊन घेऊन आली असती."

नझीराखाला पिशवी हातात तशीच घेऊन आत आली. दार लावले. माझ्यासमोर येऊन बसली.

"ऐकलंस?" ती मला म्हणाली. "मी तुला विकलं म्हणे. मला काय भाव मिळाला, तेवढं तरी विचारायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मसुराची रोजची मूठ काढली, पण ती भांड्यात घातली नाही, माझ्यात टाकली. कोरड्या मसुराचा तांब्यावर होणारा आवाज मला एरवी आवडतो. बांग झाली. तिने एक खजूर खाल्ला, पाणी प्यायली आणि चहात रोटी बुडवून तीच जेवणाच्या जागी खाल्ली. तिसऱ्या दिवशी खजूर संपले.

रोज एक मूठ. ती मोजत होती. शिजवून मला काठोकाठ भरायला अकरा मुठी लागतील, असा तिचा अंदाज होता. शिंपिणीचा अंदाज चुकत नाही. एकदा अर्धी मूठ जमिनीवर सांडली. तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि दिसत नव्हते म्हणून बोटांनी चाचपून एकेक दाणा वेचू लागली. अंधार पडला तरी वेचत होती.

ज्या महिन्यात सगळेच दिवसभर उपाशी असतात, त्या महिन्यात खरा उपाशी कोण हे कसे ओळखू येणार? तिचा आवाज बारीक झाला, तर लोकांना वाटे रोजा आहे. ती दुपारभर पडून राही, तेही रोज्याचेच वाटे. बोटातली अंगठी गळून पडू लागली तेव्हा तिने ती दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली. मला वाटे, माझ्या बुडाला भोक पडावे, मी निकामी व्हावे, म्हणजे तिची सुटका होईल. पण उस्ताद शफीकने मला फार चांगले घडवले होते.

अकरा मुठी झाल्या. मुजद्दरा, म्हणजे मसुराचा भात, करायला तांदूळ, तेल आणि कांदेही हवे होते. तिने शिवणयंत्राच्या खणातून आपली मोठी कात्री काढली, टोपलीत ठेवली आणि दोरीने गॅलरीतून खाली किराणावाल्याकडे सोडली. पाच मजले टोपली हेलकावे खात गेली.

"खाला, कात्री कशाला पाठवलीत?" तो खालून ओरडला. "कुणाचा गळा कापू?"

"कापड काप. धार आहे अजून. तांदूळ, तेल आणि चार कांदे दे."

"घरात पाहुणे आहेत वाटतं."

"हो," ती म्हणाली. "एकच आहे, पण खातो फार."

सत्ताविसाव्या दिवशी तिने स्वयंपाक केला. मसूर आणि तांदूळ शिजवले, कांदे लालबुंद तळून वर पसरले. मीठ बघायला रोजा आडवा आला. जिभेला लावून थुंकून टाकतात तसे तिने केले असावे, पण तिला चव कळली नसावी. मी काठोकाठ भरलो. पातेल्यात तळाला लागलेली खरवड तेवढी राहिली. ती तिने बशीत काढून टेबलावर झाकून ठेवली.

मला घेऊन ती स्वतः खाली उतरली. लमीसला हाक मारली असती तर ती आली असती. पण मी विकला गेलो नाही, हे तिला स्वतःच्या हातांनी दाखवायचे होते. ती प्रत्येक पायरीवर थांबली. मी जड होतो आणि मला हलके होता येत नव्हते.

"अगं बाई, खाला, तुम्ही कशाला आलात?" वसीमची आई दारात म्हणाली.

"वाडगा द्यायला जरा उशीर झाला."

"छे, कसला उशीर. मी तर विसरूनही गेले होते." तिने झाकण उचलले. "मुजद्दरा. आणि कांदा तरी किती घातलाय. सुखी आहात हो, खाला."

"अल्लाची कृपा."

"आत या ना. बांग होईलच, आमच्याबरोबर सोडा रोजा."

"नको, वर मांडून ठेवलंय."

वर काय मांडले होते ते मला माहीत होते. आमच्या रीतीत आग्रह तीनदा करतात. पहिल्याला आणि दुसऱ्याला नाही म्हणायचे असते, तिसऱ्याला हो म्हणता येते. वसीमच्या आईने आग्रह एकदाच केला. नझीराखाला थोडा वेळ उंबऱ्यात थांबली. मग कठड्याला धरून वर जाऊ लागली.

त्या दिवशी आमच्या टेबलावर मांस होते, भरलेली कोहळी होती. लमीसने माझ्यातले दोन घास खाल्ले. वसीमच्या आईने एक खाऊन म्हटले, "मीठच नाही यात. म्हातारीची जीभ गेली आता." बाकीचे सकाळी जिन्याखालच्या मांजरांना घातले. अकरा दिवसांचे जेवण मांजरांनी एका बैठकीत संपवले.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा नईम यादी घेऊन आला. कॉफी पीत तो नावे वाचू लागला.

"नझीरा, पाचवा मजला. एकटी, वय अठ्ठ्याहत्तर."

"तिचं खोडा," वसीमची आई म्हणाली.

"का? दर वर्षी असतं."

"तिच्याकडे आहे. कालच माझा वाडगा काठोकाठ भरून पाठवला. लमीस, आण गं तो." लमीसने मला आणले. "हे बघा, अजून कांद्याचा वास येतोय. ज्याच्या घरात नाही त्याचं भांडं असं भरून येतं का?"

नईमने वाकून माझ्यात पाहिले, वास घेतला आणि मान हलवली. लमीस मला धरून उभीच होती.

"काकी, त्यांचे हात फार..."

"काय त्यांचे हात?"

"काही नाही," लमीस म्हणाली.

नईमने नाव खोडले. त्या जागी सहाव्या मजल्यावरचे एक लेकुरवाळे घर घातले. तांदूळ, डाळ, तेल, साखर आणि माशांचे डबे असलेली ती पेटी दुपारी वर गेली. लमीस पुढे इब्तिसामला सांगत होती, त्यातून मला पुढचे कळले. पावले ऐकून नझीराखालाने दार उघडले होते. पेटीवाल्याला जागा करून द्यायला तिने अंगावरचे कपडे ओढून धरले होते. तो न थांबता पुढे गेला, तेव्हा तिने आतून छोटी बॅटरी आणली आणि तो पडू नये म्हणून खालून त्याच्या पायांवर उजेड धरला.

ईद झाली. ईदनंतर आठव्या दिवशी तिच्या दारातून काही आवाज येईना, म्हणून दार फोडले. तिला खाली आणताना आमच्या दारासमोर सगळा जिना जमला. रुग्णवाहिकेबरोबरच्या डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी पाहिली, दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"किती दिवस जेवल्या नाहीत या?" त्यांनी विचारले.

वसीमची आई घाईने घरात आली, मला दोन्ही हातांनी उचलले आणि बाहेर नेऊन डॉक्टरीणबाईंच्या पुढे धरले. "असं कसं म्हणता, बाई? रमजानमध्ये हिनेच मला हा वाडगा भरून पाठवला. एवढा मोठा. विचारा कुणालाही."

मला मात्र कुणी विचारले नाही. डॉक्टरीणबाई माझ्यात पाहत राहिल्या. मी घासलेला होतो, लखलखीत होतो.

चौथ्या दिवशी नझीराखाला दवाखान्यात वारली. दाखल्यावर कारण म्हणून म्हातारपण लिहिले. मातमाला आलेल्या लोकांसाठी वसीमच्या आईने आपल्या खर्चाने मांस घालून भात केला आणि माझ्यातून वाढला. तिच्या नावाने त्या दिवशी सगळा जिना पोटभर जेवला. लमीस जेवली नाही.

मित्रांनो, वसीमची आई वाईट बाई नाही. निदान मला तसे म्हणवत नाही. तिने दिले होते. इब्तिसामही फक्त गंमत करत होती. आणि मी तर भांडेच, माझ्याकडून काय होणार? तरी मी रोज हिशेब मांडतो आणि तो माझ्यापाशीच येऊन थांबतो. लमीस प्लास्टिकचा डबा घेऊन गेली असती, तर नझीराखालाने त्या अकरा मुठी खाल्ल्या असत्या.

म्हणून एवढेच मागतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे काही घेऊन गेलात, तर तिथेच त्याच्या भांड्यात ओतून द्या आणि आपले भांडे हातात घेऊन परत या. जेवलात का, असे दारातून विचारू नका. उत्तर हो असेच येते. आत जा. बसा. हातपाय धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जा आणि कपाट उघडून बघा. ते असभ्य आहे असे कुणी म्हटले तर म्हणू द्या. आणि जेवायला बोलवायचे असेल, तर तिसऱ्यांदाही बोलवा.

द्यायला तर बहुतेकांना येते. आपले रिकामे भांडे परत घ्यायला मात्र तुम्हाला शिकावे लागेल, आणि ते घेताना हसू नका.